सॉफ्टवेअर अटकतं तेव्हा वेळ नेमका जातो कुठे? प्रोफायलिंगची गोष्ट

मागच्या लेखात नमुना निवड म्हणजे सॅम्पलिंगबद्दल बोललो होतो. आजचा विषय वरवर कॉम्प्युटरवाल्यांचा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. कारण यात माझ्या हातून झालेली एक चूक आहे, आणि ती चूक थेट संशोधनाच्या डेटापर्यंत पोचली होती.

तर झालं असं. पऱ्हाटीच्या पानांच्या मागच्या बाजूचे फोटो घ्यायचे आणि त्यावरच्या पांढऱ्या माश्या मोजायच्या, असं एक काम आमच्याकडे सुरू होतं. फोटो अकोल्याकडच्या वावरांतले, आणि मोजणारी माझी एक ज्युनिअर, तीही अकोल्यालाच. मी अमरावतीला बसून तिच्यासाठी एक छोटं डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहून दिलं. पायथन भाषेत, खिडक्या-बटणांसाठी क्यूटी ही लायब्ररी वापरून. डावीकडे फोटोंची यादी, मधे मोठा फोटो, खाली गाव-तारखेचा तक्ता. फोटोवर माशी दिसली की क्लिक करायचं, खूण उमटते. सगळ्या खुणा झाल्या की 'सेव्ह'.

आठवड्याभरात तिचा फोन आला. "दादा, थे सॉफ्टवेअर पुन्हा अटकलं पाहा." मी म्हटलं, कॉम्प्युटर जुना आहे, जरा थांबत जा. विषय संपला. म्हणजे मला वाटलं की संपला.

महिन्याभराने डेटा हातात आला. फोटो ३१२ आणि नोंदी ३३१. एकोणीस नोंदी जास्तीच्या आल्या कुठून?

अटकणं म्हणजे काय

हे समजून घ्यायला डेस्कटॉप सॉफ्टवेअर आतून कसं चालतं ते थोडं बघू. अशा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एक मुख्य धागा असतो, त्याला मेन थ्रेड म्हणतात. तुमचं क्लिक, कीबोर्डवरचं अक्षर, खिडकी पुन्हा रंगवणं, हे सगळं एका रांगेत येऊन उभं राहतं आणि मेन थ्रेड एकेक काम उचलतो. या सततच्या फेऱ्याला इव्हेंट लूप म्हणतात. चहाच्या टपरीवर एकटाच माणूस ऑर्डर घेतो, चहा करतो आणि पैसेही घेतो, तसंच हे. तो दूध आणायला गेला की गिऱ्हाईक कितीही ओरडो, उत्तर मिळत नाही.

आता आकडे पाहू. साधारण मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एका चित्रासाठी मेन थ्रेडला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्याहून जास्त लागले की स्क्रोल करताना झटके बसतात. माणसाच्या बाजूने पाहिलं तर सुमारे ०.१ सेकंदात उत्तर आलं की ते लगेच आल्यासारखं वाटतं. १ सेकंदापर्यंत उशीर कळतो पण लक्ष तुटत नाही. १० सेकंदांनंतर माणूस दुसऱ्या कामाला लागतो. जेकब नील्सन यांच्या लेखनातून या मर्यादा प्रसिद्ध झाल्या, पण त्यामागे रॉबर्ट मिलर यांचं १९६८ सालचं काम आहे. आणि विंडोजमध्ये एखादी खिडकी ५ सेकंद रांगेतलं काहीच उचलत नसेल, तर सिस्टिम तिच्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग'ची पाटी लावते.

आमच्या ज्युनिअरला ही पाटी रोज दिसत होती.

मी आधी काय केलं, आणि ते का चुकलं

मी अंदाज बांधला. पायथन हळू भाषा आहे हे सगळेच म्हणतात. मग खुणा मोजण्याचा भाग सी प्लस प्लसमध्ये लिहायला घेतला. दोन आठवडे गेले. लॅबमधला मित्र म्हणालाही, "काहून एवढी घाई करून राह्यला बे? आधी पाह्य तर खरं कुठं अटकते." मी ऐकलं नाही. नवा भाग बसवला, अकोल्याला पाठवला आणि काडीचा फरक पडला नाही.

दुसरा अंदाज देवनागरीवर. तक्त्यात गावांची नावं मराठीत आहेत. मराठी अक्षर पडद्यावर काढणं इंग्रजीपेक्षा खरंच किचकट असतं. 'मूर्तिजापूर' घ्या. यात र्, त आणि ऱ्हस्व इकार या क्रमाने साठवलेले असतात, पण दाखवताना इकार त च्या डावीकडे जातो आणि रफार वर चढतो. ही जुळवाजुळव हार्फबझ नावाची लायब्ररी करते, आणि क्यूटीही तीच वापरते. म्हणून मला वाटलं, इथेच वेळ जात असणार.

अंदाज पटण्यासारखा होता. पण पटणं वेगळं आणि मोजणं वेगळं. डोनाल्ड नूथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान भाषेतले खरेखुरे प्रोग्रॅम गोळा करून अभ्यास केला होता. त्यात दिसलं की साधारणपणे प्रोग्रॅमच्या ४ टक्क्यांहून कमी भागात निम्म्याहून जास्त वेळ जातो. म्हणजे नुसत्या अंदाजाने बोट ठेवलं, तर ते बिनकामाच्या ९६ टक्क्यांवर पडण्याचीच शक्यता जास्त.

प्रोफायलिंग म्हणजे तो छोटा भाग मोजून शोधणं.

पहिली अट: तोच त्रास आपल्यासमोर झाला पाहिजे

माझ्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर व्यवस्थित चालत होतं. कारण मी दहा-बारा फोटो घेऊन तपासत होतो आणि माझ्याकडे एसएसडी आहे. तिच्याकडे तीनशेवर फोटो आणि फिरणारी जुनी हार्ड डिस्क. शेवटी मी बसने अकोल्याला गेलो आणि तिच्याच टेबलावर, तिच्याच डेटावर मोजणी केली.

इथे एक सवय लावून घ्या. त्रासाचं एक वाक्य लिहा, ज्यात कृती, डेटा आणि आकडा असेल. "सॉफ्टवेअर स्लो आहे" हे वाक्य चालत नाही. "३१२ फोटोंची यादी वरून खाली १० सेकंद स्क्रोल केली तर झटके बसतात" हे चालतं, कारण सुधारणेनंतर तीच कृती पुन्हा करून पाहता येते. प्रत्येक मोजणी निदान तीन-चारदा करा. पहिल्या वेळी फाइल डिस्कवरून येते, दुसऱ्या वेळी मेमरीत असते, त्यामुळे पहिला आकडा वेगळा येतो. दोन्ही लिहून ठेवा.

मोजायच्या दोन पद्धती

पहिल्या पद्धतीत प्रत्येक फंक्शन सुरू होताना आणि संपताना घड्याळ लावलं जातं. पायथनमधलं सी-प्रोफाइल असंच चालतं. कोणतं फंक्शन किती वेळा बोलावलं गेलं हे त्यात अचूक कळतं. पण मोजणीचा स्वतःचा भार पडतो आणि छोटी छोटी फंक्शन्स उगाच महाग दिसतात. शिवाय खिडक्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये यात हमखास एक फसगत होते. निकालात सगळ्यात वर इव्हेंट लूपचं फंक्शन दिसतं, जवळजवळ पूर्ण वेळ खाल्लेलं. नवखा माणूस घाबरतो. पण तो वेळ म्हणजे टपरीवाला गिऱ्हाइकाची वाट पाहत उभा होता, एवढंच.

दुसरी पद्धत नमुन्यांची. सेकंदाला ठरावीक वेळा प्रोग्रॅमकडे डोकवायचं आणि तो त्या क्षणी कोणत्या फंक्शनमध्ये आहे, त्याला कोणी बोलावलं होतं, ही सगळी साखळी टिपायची. पायथनसाठी पाय-स्पाय, लिनक्सवर पर्फ, विंडोजवर इव्हेंट ट्रेसिंगची साधनं, ही सगळी याच जातीची. पाय-स्पायचा फायदा असा की चालू सॉफ्टवेअरला बाहेरून जोडता येतं, कोडमध्ये एक ओळही बदलावी लागत नाही. तो मुळात सेकंदाला १०० नमुने घेतो.

सॅम्पलिंगचं गणित इथे जसंच्या तसं लागू होतं. १० सेकंदांत १००० नमुने. त्यातले ७०० एकाच फंक्शनमध्ये सापडले तर तिथे सुमारे ७० टक्के वेळ गेला. यातली प्रमाण त्रुटी ०.७ गुणिले ०.३ भागिले १००० याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.४५ टक्के. म्हणून ७० आणि ६९ यांत फरक शोधत बसू नका, ७० आणि ३ यांतला फरक पाहा.

हे नमुने चित्ररूपात दाखवायची पद्धत म्हणजे फ्लेम ग्राफ. ब्रेंडन ग्रेग यांनी ती २०११ मध्ये आणली. एकावर एक रचलेल्या पट्ट्या असतात. पट्टी जितकी रुंद तितका वेळ जास्त. डावी-उजवी बाजू म्हणजे आधी-नंतर नव्हे, हे लक्षात ठेवा. तिथे बरेच जण चुकतात.

पहिला चोर: छोटे फोटो

स्क्रोल करताना दहा सेकंद पाय-स्पाय लावला. सुमारे ७० टक्के रुंदीची एकच पट्टी आली, आणि ती होती यादीतला छोटा फोटो तयार करणाऱ्या ओळीची.

माझा विश्वास बसेना. कारण तिथे मी कॅश लावली होती. एकदा वाचलेला फोटो क्यूटीच्या पिक्समॅप कॅशमध्ये ठेवायचा आणि पुढच्या वेळी तिथूनच घ्यायचा. मग पुन्हा पुन्हा वाचतो कशाला?

हिशोब केला तेव्हा कळलं. फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे मेमरीत ४८ एमबी. आणि क्यूटीच्या या कॅशची मुळातली मर्यादा १० एमबी. मी पूर्ण फोटो कॅशमध्ये टाकत होतो. तो मावतच नव्हता. टाकणारं फंक्शन "नाही जमलं" असं उत्तर प्रत्येक वेळी देत होतं, पण मी ते उत्तर तपासतच नव्हतो. पडद्यावर एका वेळी २० छोटे फोटो दिसतात, म्हणजे ते दाखवायला सुमारे ९६० एमबी उलगडलं जात होतं. यादी पुन्हा रंगवायची वेळ आली की पुन्हा तेच.

उपाय चार ओळींचा. जेपीईजी वाचतानाच तो १/२, १/४ किंवा १/८ आकारात उलगडायची सोय असते, आणि क्यूटीच्या इमेज रीडरला हवा तो आकार आधी सांगितला की तो ही सोय वापरतो. ९६ गुणिले ७२ चा छोटा फोटो मेमरीत जेमतेम २७ केबी घेतो. असे तीनशेवर फोटो त्याच १० एमबीत बसतात. यादी पाण्यासारखी सरकायला लागली.

आणि देवनागरीचं काय? पाय-स्पाय साधेपणाने चालवला तर फक्त पायथनच्या ओळी दिसतात. क्यूटीच्या पोटातलं पाहायला नेटिव्ह हा पर्याय द्यावा लागतो. तो देऊन पाहिलं. अक्षरं जुळवण्याचा वाटा शंभरात तीनच्या आसपास. ॲमडॉलचा नियम (१९६७) इथे कामी येतो. ३ टक्के वेळ खाणारी गोष्ट अगदी शून्यावर आणली तरी एकूण वेग १ भागिले ०.९७, म्हणजे १.०३ पट होतो. ७० टक्क्यांची गोष्ट दहापट वेगवान केली, तर २.७ पट. मराठीला मी उगाच दोष देत होतो.

दुसरा चोर: जो प्रोफायलरला दिसत नाही

स्क्रोल सुधारलं, पण सेव्ह दाबल्यावरचं अटकणं तसंच. पाय-स्पायचा अहवाल पाहिला तर तिथे जवळजवळ काहीच नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूही निवांत.

इथेच या लेखातला मुख्य मुद्दा आहे. वेळ दोन प्रकारे जातो, काम करण्यात आणि वाट पाहण्यात. नमुने घेणारी बरीच साधनं मुळात फक्त काम करणारे धागे मोजतात. पाय-स्पायही निष्क्रिय धागे गाळतो, आयडल हा पर्याय दिला तरच दाखवतो. म्हणजे सीपीयू रिकामा आणि पडदा गोठलेला, असं चित्र दिसलं की समजायचं, मेन थ्रेड कशाची तरी वाट पाहतोय.

याचं एक गाजलेलं उदाहरण सांगतो. क्रोम ब्राउझरवर काम करणारे ब्रूस डॉसन यांनी २०१७ मध्ये एक त्रास लिहून काढला. त्यांचं मशीन २४ कोअरचं, सीपीयू निम्मा रिकामा, तरी क्रोमचं बिल्ड चालू असताना माउसचा बाण अडकत होता. ट्रेस काढल्यावर दिसलं की बिल्डमध्ये असंख्य प्रोसेस संपत होत्या, आणि प्रत्येक संपताना विंडोजमधलं एकच कुलूप धरून ठेवत होती. माउस हलवायलाही तेच कुलूप लागायचं. कोअर कितीही वाढवा, कुलूप एकच असेल तर बाकीचे दाराशी उभे.

मी पाय-स्पायचा डंप आदेश वापरला. तो त्या क्षणी प्रत्येक धागा कुठे उभा आहे हे सांगतो. पडदा गोठला की डंप घ्यायचा, असं दहा वेळा केलं. त्यातल्या नऊ वेळा मेन थ्रेड एकाच ओळीवर होता. एसक्यूलाइट डेटाबेसचं कमिट. आणि ते कमिट मी लूपच्या आत लिहिलं होतं, म्हणजे प्रत्येक खुणेला एक.

कमिट म्हणजे "हे डिस्कवर पक्कं लिहिलं गेलंय" अशी खात्री. ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. एका व्यवहाराला साधारण दोन पूर्ण फेऱ्या लागतात. म्हणजे सेकंदाला ६० कमिट, फार तर. पानावर १२० माश्या असतील तर सेव्हला २ सेकंद. माझ्या एसएसडीवर हे कधीच जाणवलं नव्हतं. कमिटची ओळ लूपच्या बाहेर आणली, एका फोटोला एक कमिट केलं, आणि अटकणं गेलं. एका ओळीची जागा बदलली, बस्स.

त्या १९ नोंदी

आता डेटाकडे परत येऊ. सेव्ह दाबलं, दोन सेकंद काहीच हललं नाही, तर माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. ते दुसरं क्लिक हरवत नाही, रांगेत थांबतं. मेन थ्रेड मोकळा झाला की तो इमानदारीने दुसऱ्यांदा सेव्ह करतो.

आणि सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. ज्या पानावर माश्या कमी, तिथे सेव्ह पटकन व्हायचं, दुसरं क्लिक पडायचंच नाही. ज्या पानावर माश्या जास्त, तिथेच ते हळू आणि तिथेच दुहेरी नोंद. म्हणजे चूक यादृच्छिक नव्हती. ती नेमकी जास्त प्रादुर्भावाच्या पानांना दोनदा मोजत होती आणि सरासरी वर ढकलत होती. नोंदींची वेळ तपासून आम्ही त्या १९ काढल्या. पण नोंदी आणि फोटो यांचे आकडे जुळवून पाहिलेच नसते, तर फुगलेली सरासरी प्रबंधात गेली असती आणि कोणाला कळलंही नसतं.

यावर मी आधी केलेला उपायही चुकला होता, तेही सांगतो. सेव्ह सुरू होताना बटण बंद करायचं, संपल्यावर चालू करायचं. पण हे सगळं मेन थ्रेडवरच एका दमात चालतं, म्हणून रांगेतलं क्लिक बटण पुन्हा चालू झाल्यावरच पोचतं आणि चालून जातं. खरा उपाय दोन ठिकाणी होता. सेव्ह लवकर संपवणं, आणि डेटाबेसमध्ये 'एका फोटोची एका निरीक्षकाकडून एकच नोंद' अशी अट घालणं. जे काम लवकर संपणारच नाही ते वेगळ्या धाग्यात न्यायचं. फक्त खिडकी-बटणांना त्या धाग्यातून हात लावायचा नाही, क्यूटीत ते मेन थ्रेडचंच काम आहे.

तुम्ही पीएचडीला येणार असाल तर

पेट झाली, कोर्सवर्क झालं की तुमच्यापैकी बरेच जण स्वतःचं काहीतरी सॉफ्टवेअर लिहितील, नाहीतर दुसऱ्याचं वापरतील. तेव्हा हा क्रम वापरून बघा. त्रासाचं एक मोजता येणारं वाक्य लिहा. ज्या मशीनवर त्रास आहे तिथेच मोजा. सीपीयू कामात आहे की रिकामा हे आधी पाहा, त्यावर कोणतं साधन लावायचं ते ठरतं. सगळ्यात रुंद पट्टी धरा, एकच बदल करा, पुन्हा मोजा. बदलाआधीचे आणि नंतरचे आकडे, मशीन, डिस्क, आवृत्ती, सगळं वहीत तारखेसह लिहा.

आणि वावरातून, प्रयोगशाळेतून कोणी फोन करून "दादा, अटकतं" म्हणालं, तर "थांबत जा" म्हणू नका. मी म्हटलं होतं. आता आमच्या प्रबंधाच्या पद्धती प्रकरणात एक परिच्छेद याचाच आहे: दुहेरी नोंदी कशा झाल्या, कशा सापडल्या, कशा काढल्या. सरांनी तो वाचला आणि एवढंच म्हणाले, "हा ठेव." पुढच्या वेळी फ्लेम ग्राफ स्वतः कसा काढायचा ते पायरी-पायरीने पाहू.